आर्किटेक्चरला ॲडमिशन झालं? लॅपटॉप आणि एआयच्या मागे लागण्याआधी हे वाचा

बी.आर्क.च्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, 'लॅपटॉप कोणता घेऊ?' दुसरा जरा घाबरत विचारलेला असतो, 'एआय एका मिनिटात बंगला डिझाइन करून देतंय, मग मी पाच वर्षं शिकून करू काय?' पहिल्या प्रश्नात आईवडिलांचे लाखभर रुपये अडकलेले असतात आणि दुसऱ्यात तुमची पाच वर्षं. त्यामुळे दोन्ही प्रश्न नीट सोडवायला हवेत.

मी आर्किटेक्ट नाही, सॉफ्टवेअर लिहितो. डिझाइन कसं करायचं हे तुम्हाला तुमचे शिक्षक सांगतील. पण हे दोन्ही प्रश्न मुळात टेक्नॉलॉजीचे आहेत, आणि एआयचा हा धक्का आमच्या क्षेत्राला आधीच बसलाय. म्हणून उत्तर सुरुवातीलाच सांगतो. चित्र स्वस्त झालंय, पण माप आणि कारण अजून स्वस्त झालेलं नाही. पहिल्या वर्षातला पैसा आणि वेळ या हिशेबानं खर्च करा.

पाच वर्षांचं गणित आधी मांडा

२०२२ च्या जुलैमध्ये मिडजर्नी हे चित्र बनवणारं एआय सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं. म्हणजे २०२२ मध्ये बी.आर्क.ला प्रवेश घेतलेल्या मुलांचं पहिलं सेमिस्टर सुरू असतानाच अख्खं चित्र बदललं. ही मुलं पास होणार २०२७ मध्ये. प्रवेश घेताना त्यांनी 'भविष्यात कोणतं सॉफ्टवेअर चालेल' याचा जो काही अंदाज बांधला असेल, तो वर्षभरही टिकला नाही.

तुमचंही असंच होणार. आज रीलमध्ये जे एआय टूल 'हे शिकलं नाही तर संपलात' म्हणून दाखवतात, ते तुम्ही पाचव्या वर्षाला पोहोचेपर्यंत त्याच नावानं शिल्लक असेल याची काही गॅरंटी नाही.

आता उलट बाजू बघा. ऑटोकॅड १९८२ मध्ये आलं. स्केचअप २००० मध्ये आलं, पुढे गुगलनं विकत घेतलं, २०१२ मध्ये ट्रिंबल कंपनीकडे गेलं, पण अजून वापरात आहे. रेव्हिट २००२ मध्ये ऑटोडेस्कनं घेतलं आणि आज मोठ्या ऑफिसांमध्ये ते मुख्य सॉफ्टवेअर आहे. ही सॉफ्टवेअर्स इतकी वर्षं का टिकली? कारण यांच्यात प्रत्येक रेषेला लांबी असते. भिंत २३० मिलीमीटरची म्हटली की ती तेवढीच राहते. बांधकाम मापावर चालतं, म्हणून माप सांभाळणारं टूल टिकतं.

एआयच्या चित्रात काय नसतं?

चित्र बनवणारं एआय कोट्यवधी फोटो आणि चित्रं बघून शिकलेलं असतं. तुम्ही 'कोकणातलं जांभ्या दगडाचं घर, पावसाळा' असं लिहिलं की अशा वर्णनाच्या चित्रात कोणते रंग, कोणते आकार कुठे असतात याचा ते अंदाज बांधतं आणि त्याप्रमाणे पिक्सेल भरतं. निकाल सुंदर असतो. पण त्या चित्रामागे खोली नसते, भिंतीची जाडी नसते आणि मागच्या बाजूला काय आहे हे त्या टूललाही ठाऊक नसतं. दुसऱ्या कोनातून चित्र मागून बघा, खिडक्यांची संख्या बदललेली दिसण्याची दाट शक्यता आहे.

उदाहरण म्हणून साधा जिना घेऊ. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोडनुसार, राहत्या इमारतीत पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलीमीटर आणि पाय ठेवायची रुंदी कमीत कमी २५० मिलीमीटर असावी लागते. समजा दोन मजल्यांमधलं अंतर ३ मीटर आहे. ३००० भागिले १९० म्हणजे साधारण १५.८, म्हणून १६ चढ घ्यावे लागतील. प्रत्येक चढ १८७.५ मिलीमीटरचा झाला. सोळावं पाऊल थेट वरच्या मजल्यावर पडतं, म्हणून मधे पाय ठेवायच्या जागा १५. त्यांची लांबी १५ गुणिले २५०, म्हणजे ३७५० मिलीमीटर. सरळ जिना हवा असेल तर पावणेचार मीटर लांबी नुसत्या पायऱ्यांनाच लागली. मधे वळवला तर प्रत्येक बाजूला ७ पायऱ्या, म्हणजे १.७५ मीटर, अधिक वळणाची जागा.

एआयनं काढलेल्या देखण्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जिना असतो ना, त्याच्या पायऱ्या मोजा. बऱ्याचदा तो वरच्या मजल्यापर्यंत पोहोचतच नाही, किंवा पोहोचला तर डोकं स्लॅबला आपटेल असा असतो. हा हिशेब करायला एक कागद आणि पाच मिनिटं पुरतात. पण तो करायचा असतो हे माहीत असावं लागतं, आणि तेच तुम्ही पहिल्या वर्षात शिकता.

दुसरं उदाहरण सूर्याचं. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि जूनमध्ये तर भरदुपारी तो किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरमध्ये मात्र दुपारी तो दक्षिणेला साधारण ४७ अंशांवर असतो. संध्याकाळचं पश्चिमेचं ऊन इतकं तिरपं येतं की आडवा छज्जा त्याला अडवू शकत नाही; तिथे उभे पडदे, जाळी किंवा झाड लागतं. एआयला तुम्ही 'मॉडर्न व्हिला' म्हणालात तर ते खुशाल पश्चिमेला पूर्ण उंचीची काच लावून देईल. कारण इंटरनेटवरचे तसे फोटो भरपूर आहेत, आणि तुमच्या प्लॉटची पश्चिम कुठे आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

मग एआय वापरायचंच नाही का?

वापरा, नक्की वापरा. प्रश्न फक्त कधी वापरायचं हा आहे.

आमच्याकडे, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, कोड लिहून देणारं एआय आता रोजचंच झालंय. त्यातून एक गोष्ट दिसली. ज्याला स्वतःला कोड वाचता येतो त्याचा वेग वाढतो. ज्याला येत नाही त्याच्याकडे भरपूर कोड जमा होतो, पण तो कुठे फुटेल हे त्याला कळत नाही. तुमच्या स्टुडिओतही हेच होणार. प्लॅन वाचता येत असेल तर एआय मदतनीस आहे, नसेल तर ते तुम्हाला फक्त छान दिसणाऱ्या शीट देईल.

चांगले उपयोग सांगतो. न कळलेला शब्द समजून घ्यायला, उदाहरणार्थ लिंटेल आणि बीममध्ये फरक काय. स्वतःचं स्केच झाल्यावर त्याचे दोन-तीन पर्याय पटकन बघायला. इंग्रजीतला जड लेख मराठीत सोपा करून घ्यायला. जिल्ह्याच्या गावातून मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना याचा खरोखर फायदा होतो. पुढच्या वर्षांत राइनोमधल्या ग्रासहॉपरसाठी छोटे पायथन प्रोग्रॅम लिहून घ्यायला.

टाळायच्या जागा पण लक्षात ठेवा. नियमांचे आकडे एआयला विचारून वापरू नका. महाराष्ट्रात मुंबईसारखे काही भाग सोडून २०२० ची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर लागू आहे आणि मुंबईत वेगळी डीसीपीआर २०३४ आहे. एआय या दोन्हींची खिचडी करून अतिशय आत्मविश्वासानं चुकीचा आकडा देऊ शकतं. मूळ पीडीएफ उघडून बघा. तसंच एआयनं सांगितलेली पुस्तकं आणि इमारती खरंच अस्तित्वात आहेत का, तेही तपासा.

आणि ज्युरीत एक प्रश्न येणारच: 'हे दार इथेच का?' 'एआयनं दिलं' हे उत्तर तिथे चालत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्रोजेक्टची कच्ची स्केचेस तारखेसकट ठेवा. एआय वापरलं असेल तर कुठे वापरलं ते लिहून ठेवा आणि कॉलेजचा त्याबद्दलचा नियम आधीच विचारून घ्या.

लॅपटॉप: पहिल्या आठवड्यात घेऊ नका

बऱ्याच कॉलेजांत पहिल्या सेमिस्टरचं बरंचसं काम हातानंच असतं. ड्रॉइंग बोर्ड, सेट स्क्वेअर, स्केल, कटर, माउंटबोर्ड यांवरच खर्च होतो. प्रवेशाची नाटा परीक्षाच बघा ना, २०२५ च्या नाटामध्ये २०० पैकी ८० गुण हातानं काढायच्या भागाला होते. तेव्हा आधी कॉलेज सुरू होऊ द्या, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सीनियरना 'तुमच्या इथे कोणतं सॉफ्टवेअर शिकवतात' हे विचारा आणि मग खरेदीला जा. लॅपटॉप जितका उशिरा घ्याल तितका तो शेवटच्या थिसिसच्या वर्षापर्यंत टिकेल. सगळ्यात जास्त ताकद तेव्हाच लागते.

घ्यायची वेळ आली की हे बघा.

रॅम १६ जीबी असावी आणि पुढे वाढवता यायला हवी. काही बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, ती वाढवता येत नाही. दुकानदाराला हा प्रश्न मुद्दाम विचारा.

स्टोरेज ५१२ जीबी एसएसडी आणि आणखी एक बसवायला मोकळा स्लॉट.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असावं, पण सगळ्यात महागाचं नको. रेव्हिटचं मॉडेलिंगचं काम मुख्यतः प्रोसेसरवर चालतं. ग्राफिक्स कार्डाचा खरा उपयोग एनस्केप, लुमियन, ट्विनमोशन अशा रेंडरिंग सॉफ्टवेअरना होतो, आणि ते काम नंतरच्या वर्षांत येतं.

विंडोज की मॅक? रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स फक्त विंडोजवर चालतात. ऑटोकॅड, राइनो, स्केचअप, ब्लेंडर दोन्हीकडे चालतात. तुमच्या कॉलेजमध्ये रेव्हिट असेल तर विंडोज घेतलेलं बरं. विंडोजमध्येही स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाले नवे लॅपटॉप घेण्याआधी तुमची सॉफ्टवेअर्स त्यावर चालतात का हे त्या कंपनीच्या साइटवर तपासा. बॅटरी जबरदस्त असते, पण हे प्रोसेसर वेगळ्या पद्धतीचे असतात आणि सगळी जड सॉफ्टवेअर्स त्यांच्यावर चालत नाहीत.

जुना लॅपटॉप घेताय? विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ चालत असेल तरच घ्या.

आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर कॉलेजची कॉम्प्युटर लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते ते आधी विचारा. लॅब चांगली असेल तर पहिलं वर्ष लॅपटॉपशिवाय निघतं. ग्राफिक्स कार्डासाठी कर्ज काढायची अजिबात गरज नाही.

क्रॅक सॉफ्टवेअर कशाला?

पहिल्याच महिन्यात कोणीतरी पेनड्राइव्ह घेऊन येईल आणि म्हणेल, 'अँटिव्हायरस बंद कर, मी टाकून देतो.' इथेच थांबा. अँटिव्हायरस बंद करून अनोळखी फाइल चालवणं म्हणजे घराची किल्ली रस्त्यावर ठेवणं. त्याच लॅपटॉपवर तुमचं ईमेल, बँकेचं लॉगिन आणि सेमिस्टरभराचं काम असतं.

गंमत म्हणजे याची गरजही नाही. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स फुकट देतं. कॉलेजचा पुरावा द्यावा लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. राइनोची पूर्ण आवृत्ती ९० दिवस वापरून बघता येते. ब्लेंडर आणि नकाशांसाठीचं क्यूजीआयएस तर सगळ्यांनाच कायमचं फुकट आहे. एक अट मात्र लक्षात ठेवा. विद्यार्थी परवान्यावर पैसे घेऊन केलेलं काम चालत नाही.

बॅकअपबद्दलही इथेच सांगतो. फाइल लॅपटॉपवर, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर. सबमिशनच्या आदल्या रात्री लॅपटॉप बंद पडला, ही कारणं शिक्षकांनी तुमच्या जन्माआधीपासून ऐकलेली आहेत.

तुमच्याकडे आधीच असलेलं टूल: फोन

पहिल्या वर्षात लॅपटॉपपेक्षा फोन जास्त कामाला येतो, फक्त रीलसाठी वापरायचा नाही.

होकायंत्र उघडून तुमच्या खोलीची उत्तर दिशा शोधा. एकाच खिडकीचा फोटो सकाळी ९, दुपारी १ आणि संध्याकाळी ५ वाजता काढा. ऊन कुठपर्यंत येतं ते दिसेल. महिन्यातून एकदा हेच करा, वर्षाखेरीस तुमच्याकडे स्वतःचा सूर्याचा अभ्यास तयार होईल. गुगल अर्थवर जुन्या वर्षांचे उपग्रह फोटो दिसतात, त्यात तुमचं गाव किंवा उपनगर कसं पसरलं ते बघा. इमारतीचा फोटो ०.५ झूमनं काढू नका, त्यात कडेच्या रेषा ताणल्या जातात आणि प्रमाण चुकीचं दिसतं. मोजमापाची ॲप अंदाजापुरती ठीक आहेत, पण खिशात तीन मीटरची टेप ठेवाच.

मग एखादी खरी इमारत बघायला जा. नवी मुंबईजवळ राहत असाल तर हार्बर लाइननं सीबीडी बेलापूरला उतरा आणि आर्टिस्ट व्हिलेज बघा. चार्ल्स कोरिआ यांनी १९८० च्या दशकात ही वसाहत डिझाइन केली. शेजारच्या घरांना सामाईक भिंत ठेवली नाही, म्हणजे प्रत्येक कुटुंबाला आपलं घर पुढे वाढवता यावं. आज तिथे अनेक घरं ओळखू येणार नाहीत इतकी बदललीत, आणि तो बदल मूळ विचारातच धरलेला होता. मूळचे पुण्याचे बाळकृष्ण दोशी, ज्यांना २०१८ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, त्यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत असाच विचार केला. गरीब कुटुंबांना प्लॉट, एक गाभा आणि मूलभूत सोयी द्यायच्या, बाकी घर ते ऐपतीप्रमाणे वाढवतील. या दोन्ही ठिकाणी पहिल्या दिवसाचा फोटो फारसा भारी नव्हता. मोल आहे ते पुढच्या चाळीस वर्षांचा विचार करण्याला, आणि तो विचार एका चित्रात मावत नाही.

नोकरीचं काय?

आता घाबरवणाऱ्या प्रश्नाकडे वळू. काही कामं मशीनकडे जाणारच, आणि त्यातली काही एआयच्या आधीच गेलीत. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीचं ऑटोडीसीआर हे सॉफ्टवेअर बांधकाम परवानगीसाठी आलेला नकाशा स्वतः वाचतं आणि मोकळी जागा, क्षेत्रफळ नियमात बसतं का ते तपासतं. त्यासाठी रेषा ठरलेल्या नावाच्या लेअरवर आणि बंद आकारात काढाव्या लागतात. म्हणजे नीटनेटकी फाइल बनवणं हे आता थेट व्यवसायाचं कौशल्य झालंय. ब्रिटनच्या सरकारनं २०१६ पासून केंद्रीय खर्चाच्या प्रकल्पांना बीआयएम सक्तीचं केलं. असं काम भारतातल्या ऑफिसांतूनही होतं, आणि तिथे रेव्हिट येणाऱ्यांना मागणी असते.

नुसतं रेंडर काढून देण्यावर मात्र करिअर उभं करू नका. एआयनं सगळ्यात आधी तेच स्वस्त केलंय.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या, कारण त्याबद्दल बराच गैरसमज आहे. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ नुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असेल तरच स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवता येतं. पण मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा कायदा त्या नावाला संरक्षण देतो, डिझाइनचं काम करण्यावर इतरांना बंदी घालत नाही. म्हणजे नुसत्या डिग्रीच्या भिंतीमागे तुम्ही सुरक्षित नाही. तुमच्याकडे काम यावं यासाठी लोकांना तुमचा भरवसा वाटायला हवा. छत गळलं, जिना अडला, पार्किंगमध्ये गाडी वळली नाही, तर एआयला फोन करता येत नाही, तुम्हालाच येणार.

पहिल्या शंभर दिवसांत एवढं करा

तुमच्या घराचा प्लॅन टेपनं मोजून, हातानं, १:५० स्केलमध्ये काढा. १:५० म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. घरातल्या दहा गोष्टींची मापं पाठ करा: ओटा किती उंच, दार किती रुंद, आजीला सहज उठता येतं ती खुर्ची किती उंच. आठवड्याला एका इमारतीत जा आणि तिथे आवडलेल्या एका गोष्टीचं कारण दोन ओळींत लिहा. एका बांधकाम साईटवर, परवानगी घेऊन आणि हेल्मेट घालून, गवंड्याशी अर्धा तास बोला. एक सॉफ्टवेअर नीट शिका, पाच अर्धवट नकोत. आणि झोपा, तीन रात्री जागून काढलेल्या शीटवर माप चुकतंच.

शंभर दिवसांनी एआयला तुमच्याच घराचं चित्र काढायला सांगा आणि तुमचा प्लॅन शेजारी ठेवा. चित्रातल्या किती गोष्टी बांधताच येणार नाहीत ते मोजा. हा आकडा तुम्हाला स्वतः सांगता आला, की पाच वर्षं शिकून काय करायचं या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला सापडायला लागलंय असं समजा. लॅपटॉप त्यानंतर घ्या.